वजनाच्या ऑपरेशननंतर तक्रारी सुरू झाल्या तर: काय थांबू शकतं आणि काय अजिबात नाही

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन घरी आलं की पहिल्या एक-दोन दिवसांतच प्रश्न सुरू होतात. हे दुखतंय ते नॉर्मल आहे का, एक उलटी झाली तर फोन करायचा का, खांदा का दुखतोय, पाणी जात नाहीये मग काय करू. मी स्वतः वजनासाठीचं पोटाचं बायपास करून घेतलेली आहे आणि त्यानंतर नव्याने ऑपरेशन झालेल्या बऱ्याच जणांशी बोलणं होत असतं, तेव्हा हे सगळं एका जागी लिहून ठेवावं असं वाटलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे हे वाचून स्वतःचा इलाज स्वतः करायचा नाहीये. कुठली तक्रार सकाळपर्यंत थांबू शकते, कुठल्या तक्रारीला आजच फोन करायचा आणि कुठली तक्रार आली की सरळ उठून इमर्जन्सीला जायचं, एवढं कळावं यासाठी हे आहे.

आधी एक गोष्ट सांगते म्हणजे घाबरायला नको. हे ऑपरेशन आता बऱ्यापैकी सुरक्षित झालंय, मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास येतं, आणि बहुतेकांच्या तक्रारी या पाणी कमी पडणं, मळमळ, बद्धकोष्ठता असल्या असतात. पण ज्या मोजक्या तक्रारी गंभीर असतात त्यांच्यात उशीर झाला की खूप महागात पडतं.

१. तुमचं ऑपरेशन नेमकं कोणतं झालंय ते पाठ करा

हसू नका, अर्ध्या लोकांना सांगता येत नाही. "पोट लहान केलं" एवढंच माहीत असतं. स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात आणि उरते ती एक लांबट नळी. बायपासमध्ये वरच्या बाजूला जेमतेम ३० मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, बाकीचं पोट आतच राहतं पण अन्न तिकडे जात नाही. मिनी बायपासमध्ये एकच जोड असतो. बँडमध्ये काही कापत नाहीत, पोटाच्या वरच्या भागाला पट्टा बसवतात. तक्रारी या प्रकारानुसार बदलतात, स्लीव्हवाल्यांना ॲसिडिटी जास्त छळते, बायपासवाल्यांना डंपिंग (खाल्ल्यावर घाम, धडधड होणं), अल्सर आणि आतड्याचा पीळ यांची भीती जास्त, बँडवाल्यांचा पट्टा सरकू शकतो.

तर एक छोटं कार्ड करा, पाकिटात ठेवा आणि त्याचा फोटो फोनमध्ये आणि घरच्या एकाच्या फोनमध्ये पण ठेवा. त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा नंबर, चालू औषधं, ॲलर्जी. आणि खाली ठळक तीन ओळी: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशी पेनकिलर नको, नाकातून नळी सर्जनला विचारल्याशिवाय टाकू नका, उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी थायामिन द्या. या तीन ओळी का, ते पुढे येईलच, नळीचं मात्र इथेच सांगते. नवीन टाके असलेल्या छोट्या पिशवीत अंदाजाने नळी सरकवली तर जोडाला भोक पडू शकतं. रात्री दोन वाजता जो डॉक्टर तुम्हाला तपासतोय त्याला तुमचं पोट आतून बदललंय हे बाहेरून दिसत नाही, दुर्बिणीचे चार-पाच बारीक व्रण असतात फक्त. ते त्याला सांगणं हे तुमचं आणि तुमच्या माणसांचं काम आहे, आणि या अख्ख्या लेखात मला सगळ्यात जास्त तळमळीने सांगायचंय ते हेच.

२. पहिला महिना: नाडी मोजायला शिका

सगळ्यात भीतीची गोष्ट म्हणजे लीक, म्हणजे टाक्यांच्या किंवा स्टेपलच्या रेषेतून पोटातलं बाहेर झिरपणं. शंभरात एक-दोघांना होतं, बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत, पण स्लीव्हमध्ये दोन-तीन आठवड्यांनी सुद्धा होऊ शकतं, म्हणजे तुम्ही घरी येऊन निवांत झालेले असता तेव्हा. आणि यात एक फसवी गोष्ट अशी की जाड शरीरात पोट हाताला कडक लागेलच असं नाही, ताप सुद्धा उशिरा येतो. पहिली खूण बरेचदा नाडीची असते.

म्हणून घरी आल्यावर रोज सकाळ-संध्याकाळ नाडी बघायची. पाच-दहा मिनिटं शांत बसा, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा, घड्याळात बघून पूर्ण ६० सेकंद मोजा आणि आकडा लिहून ठेवा. जिना चढून आल्या आल्या मोजलेली नाडी काही कामाची नाही. बसल्या जागी नाडी १२० च्या वर जाऊन तिथेच राहिली तर बाकी काही दुखत नसलं तरी लगेच फोन, आणि फोन लागला नाही तर लगेच इमर्जन्सी. सोबत पोटात वाढत जाणारं दुखणं, थंडी वाजून ताप, धाप, जीव घाबरा होणं, "काहीतरी चुकतंय" असं सारखं वाटणं यातलं काही असेल तर वाट बघायची नाहीच. एक मात्र लक्षात ठेवा, बीपीसाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशी गोळी चालू असेल तर ती नाडीला वर जाऊ देत नाही, त्यामुळे तुमचा आकडा १०० च्या खाली दिसला म्हणून निश्चिंत राहू नका, बाकीच्या खुणा बघा.

खांदा दुखण्याबद्दल सगळेच विचारतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात गॅस भरतात, त्याने छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला त्रास होतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं, हे पहिले दोन-तीन दिवस असतं आणि चाललं की कमी होत जातं. पण डावा खांदा दुखणं नंतर नव्याने सुरू झालं, किंवा कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं आणि नाडी पण वर आहे, तर तो गॅस समजून गरम पिशवी लावत बसू नका.

दुसरी गोष्ट रक्ताची गुठळी. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय, गरम लागतेय तर आजच दाखवा. अचानक धाप लागली, छातीत श्वासाबरोबर टोचतंय, खोकल्यातून रक्त आलं तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते, तेव्हा स्वतः गाडी चालवत जायचं नाही, ॲम्ब्युलन्स बोलवा. या गुठळ्या बरेचदा हॉस्पिटलमध्ये नाही तर घरी गेल्यावर होतात, म्हणून पोटात टोचायचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर कंटाळा करून शेवटचे डोस सोडू नका, आणि दर तास-दोन तासाने उठून घरातल्या घरात चाला.

रक्तस्राव: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी. थेट हॉस्पिटल. लोहाच्या गोळ्यांनी पण शी काळपट होते हे खरं, पण चक्कर आणि वाढलेली नाडी सोबत असेल तर गोळीवर ढकलू नका. टाक्याच्या जागी थोडी लाली, थोडं पाणी हे त्या मानाने साधं, फोटो काढून पाठवा, पू किंवा ताप आला तर दाखवा.

३. पाणी

ऑपरेशननंतर लोक परत हॉस्पिटलमध्ये का येतात तर सगळ्यात जास्त वेळा पाणी कमी पडल्यामुळे आणि उलट्यांमुळे. दिवसाला दीड ते दोन लिटर जायला हवं, आणि पहिल्यासारखा गटागट ग्लास आता संपत नाही, म्हणून काम दिवसभर चालू ठेवायचं. बाटली हातातच ठेवा, दर पाच मिनिटाला एक घोट. फोनला अलार्म लावला तरी चालेल. गार पाणी जात नसेल तर कोमट घेऊन बघा, साधं पाणी नको वाटत असेल तर पातळ सूप, लिंबू पिळलेलं बिनसाखरेचं पाणी. जेवणाबरोबर मात्र पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास थांबा, नाहीतर त्या एवढ्याशा जागेत अन्न आणि पाणी दोन्ही मावत नाही आणि उलटी होते. सोडा, बुडबुडेवाली पेयं बंद.

लघवी गडद पिवळी, दिवसातून दोन-तीनदाच होतेय, तोंड सुकलंय, उठल्यावर गरगरतंय, तर पाणी कमी पडतंय. चोवीस तासात अर्धा लिटर पण पोटात टिकत नसेल तर सलाईन लागणार आहे, आजच फोन करा. बद्धकोष्ठता पण यातूनच येते, पाणी वाढवून आणि चालून नाही भागलं तर कुठलं औषध घ्यायचं ते सर्जनच्या टीमला विचारा.

४. उलट्या आणि थायामिन: हा भाग घरच्यांना पण वाचायला द्या

एखादी उलटी होणं ही मोठी गोष्ट नाही. पटपट खाल्लं, नीट चावलं नाही, एक घास जास्त झाला, की होते. त्या दिवशी पातळावर या, दुसऱ्या दिवशी हळूहळू परत सुरू करा. पण उलट्या रोज होतायत, दोन-तीन दिवस झाले तरी थांबत नाहीत, तर मग ते "शरीराला सवय होतेय" असं म्हणून सोडून द्यायचं नाही, आणि याचं कारण फक्त पाणी नाहीये.

थायामिन म्हणजे जीवनसत्त्व बी-वन. शरीरात त्याचा साठा फार नसतो, दोन-तीन आठवडे पुरेल इतकाच. ऑपरेशननंतर खाणं आधीच कमी, त्यात रोज उलटी, आणि गोळी गिळली तर ती पण बाहेर, म्हणजे साठा संपतो आणि मग त्याचा फटका मेंदूला बसतो. याला वर्निके म्हणतात. खुणा अशा: माणूस गोंधळल्यासारखा बोलतो, डोळे स्थिर राहत नाहीत किंवा एकाचे दोन दिसतात, चालताना पाय फाकवून अडखळत चालतो. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, कधी नुसता सुस्तपणा आणि विसराळूपणा असतो आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आलाय, झोपू दे. वेळेत इंजेक्शन मिळालं तर बऱ्यापैकी सुधारतं, उशीर झाला तर आठवण आणि तोल कायमचा बिघडू शकतो.

आता ग्लुकोजचा मुद्दा. उलट्या होऊन गळालेला पेशंट आला की सलाईन लावताना ग्लुकोजची बाटली लावणं हे सवयीचं काम आहे. पण शरीराला ग्लुकोज वापरायला थायामिन लागतं, साठा आधीच तळाला असताना वरून ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलं पण संपतं आणि वर्निके तिथेच पलंगावर उफाळू शकतं. म्हणून थायामिनचं इंजेक्शन आधी, किंवा निदान ग्लुकोजच्या सोबत. हे डॉक्टरांना शिकवायला जायचं नाहीये, नम्रपणे पण स्पष्ट सांगायचं: "डॉक्टर, यांचं अमुक तारखेला बायपास झालंय, इतके दिवस उलट्या आहेत, काही टिकत नाही, थायामिन कमी झालं असेल का, ग्लुकोजच्या आधी देता येईल का?" एवढं वाक्य पुरतं. आणि हे वाक्य पेशंट बोलणार नाही, तो गोंधळलेला असेल, ते सोबतच्या माणसाला यायला हवं. माझ्या ओळखीतल्या एका ताईंच्या बाबतीत हे त्यांच्या मुलीच्या लक्षात आलं, आई टीव्हीवरच्या बातम्या बघताना सारखा एक डोळा हाताने झाकत होती कारण तिला दोन-दोन दिसत होतं, आणि ती कोणाला सांगत नव्हती. मुलीने विचारलं म्हणून कळलं. तर घरच्यांनी विचारत राहा: दिसतंय ना नीट, आज वार कोणता, दारापर्यंत सरळ चालून दाखव.

५. घास अडकतोय

ऑपरेशनला चार-सहा आठवडे झाले, आधी मऊ खाणं जात होतं आणि आता तेच अडकतंय, मग फक्त पातळ जातंय, मग ते पण वर येतंय, असा उलटा प्रवास चालू झाला तर जोडाची जागा आकसलेली असू शकते. बायपासमध्ये हे होतं, स्लीव्हमध्ये नळी मध्येच मुडपली किंवा अरुंद झाली की होतं. एंडोस्कोपी करून फुग्याने ती जागा रुंद करतात, काहींना दोन-तीनदा करावं लागतं, पण बहुतेकांचं यावर भागतं. लोक इथे काय करतात तर गोड मिल्कशेक, आईस्क्रीम यावर आठवडे काढतात कारण ते सहज उतरतं. नका करू, प्रथिनं कमी पडतात आणि साखर वाढते, आणि मूळ अडचण तशीच.

ज्यांचं फक्त घाईमुळे अडकतं त्यांनी चमचा लहान घ्या, घास पेस्ट होईपर्यंत चावा, दोन घासांत चमचा खाली ठेवा, जेवण वीस-तीस मिनिटं चालू द्या. ब्रेड, चिकट भात, कोरडं मांस यांचा गोळा होतो, ते सुरुवातीचे महिने लांबच ठेवा.

स्लीव्हनंतर जळजळ, आंबट पाणी वर येणं हे कॉमन आहे. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच, आणि लिहून दिलेली ॲसिडची गोळी चालू. वर्षानुवर्षं गोळी खाऊनही जळजळ जात नसेल तर एंडोस्कोपी करून घ्या, अन्ननलिकेचं अस्तर बिघडलेलं असू शकतं, आणि काहींना पुढे स्लीव्हचं बायपास करून घ्यावं लागतं.

६. खाल्ल्यावर घाम, धडधड, गळून जाणं

याला डंपिंग म्हणतात आणि याचे दोन प्रकार आहेत जे लोक एकत्र करून टाकतात. पहिला जेवल्यावर दहा ते तीस मिनिटांत येतो: पोटात कळ, जुलाब, मळमळ, छातीत धडधड, घाम, आडवं व्हावंसं वाटतं. गोड किंवा खूप तेलकट पटकन आतड्यात जाऊन पडलं की आतडं पाणी ओढून घेतं, त्यातून हे होतं. जीवघेणं नसतं, तासाभरात ओसरतं, आणि काय खाल्लं ते लिहून ठेवलं की दोन आठवड्यांत तुमचे गुन्हेगार पदार्थ तुम्हालाच सापडतात.

दुसरा प्रकार जेवणानंतर एक ते तीन तासांनी येतो आणि तो म्हणजे साखर खाली जाणं. खाल्लेल्या पिष्टाने साखर एकदम वर गेली, शरीराने इन्सुलिन जास्त सोडलं, साखर कोसळली. हात थरथरतात, गरगरतं, विचार सुचत नाही, कधी माणूस बेशुद्ध पण पडतो. हे बहुतेक वेळा ऑपरेशननंतर वर्षभराने किंवा त्याच्याही नंतर सुरू होतं, त्यामुळे कोणाला ऑपरेशनशी संबंध सुचत नाही, ताण आहे, बीपी आहे असं म्हणत राहतात. ग्लुकोमीटर आणून त्या क्षणी मोजा. ७० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज घ्या, पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि वर आली की लगेच प्रथिनवालं काहीतरी खा, कारण नुसती साखर घेतली तर ती वर जाऊन परत कोसळते. ५४ च्या खाली आकडा, किंवा एकदा जरी शुद्ध हरपली, तर एंडोक्रिनॉलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरला) दाखवायचंच, आणि तोपर्यंत गाडी चालवू नका. रोजच्यासाठी उपाय म्हणजे आधी प्रथिनं, मग भाजी, पिष्ट शेवटी आणि थोडं. याने नाही भागलं तर अकार्बोज वगैरे औषधं आहेत, ती डॉक्टर देतील.

७. पेनकिलर आणि तंबाखू

डोकं दुखलं, गुडघा दुखला की घरात पडलेली गोळी घ्यायची सवय असते. बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन या गटातली औषधं घेऊ नका, कारण जोडाच्या जागी अल्सर होतो. सर्दीच्या आणि पाळीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत पण ती असतात, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. पॅरासिटामॉल सांगितलेल्या डोसमध्ये चालतं. हृदयासाठी कमी डोसची ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा.

सिगारेट, तंबाखू, व्हेप, निकोटिन कुठल्याही रूपात असलं तरी तोच धोका. अल्सर असेल तर वरच्या पोटात जळजळतं, कुरतडल्यासारखं दुखतं, खाल्लं की वाढतं. एंडोस्कोपीत दिसतो, ॲसिडच्या गोळीने भरतो, काही डॉक्टर कॅप्सूल उघडून घ्यायला सांगतात म्हणजे लवकर भरतो, पण तंबाखू चालू राहिली तर परत परत येतो आणि कधी फुटतो. अचानक सुरी खुपसल्यासारखं दुखलं आणि थांबेना तर थेट इमर्जन्सी.

८. येणारं-जाणारं दुखणं, वर्षांनी सुद्धा

बायपासवाल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. बायपास करताना आतडी नव्याने जोडतात तेव्हा त्यांच्यामध्ये फटी राहतात. सर्जन त्या शिवतात, पण वजन उतरलं की आतली चरबी वितळते आणि फटी परत मोकळ्या होऊ शकतात, मग आतडं त्यातून घुसतं आणि पीळ बसतो. याला इंटर्नल हर्निया म्हणतात, बाहेरून फुगवटा काही दिसत नाही. दुखणं बेंबीच्या वर किंवा डाव्या बाजूला, पिळवटल्यासारखं, कधी पाठीत जातं, बरेचदा जेवल्यावर येतं आणि आपोआप जातं. आपोआप जातं हीच तर अडचण, कारण डॉक्टरकडे पोचेपर्यंत बरं वाटतं. उलटी होईलच असं नाही. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि सीटी स्कॅन सुद्धा नॉर्मल येऊ शकतो, तरी हर्निया नाही असं ठरत नाही. असं दुखणं परत परत येत असेल तर बॅरिॲट्रिक, म्हणजे वजनाचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच दाखवा, ते गरज वाटली तर दुर्बिणीतून आत बघतात. आणि दुखणं आलं आणि गेलंच नाही, तर तासांचा खेळ आहे, आतड्याचा रक्तपुरवठा बंद पडतो. गरोदरपणात हा धोका वाढतो, तिथे "पोटात बाळ आहे, दुखणारच" असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

पित्ताचे खडे हे दुसरं. वजन झपाट्याने उतरताना होतात, त्यांचं दुखणं उजव्या बाजूला बरगडीखाली, कधी उजव्या पाठीत, तेलकट खाल्ल्यावर, अर्धा तास ते काही तास. ताप किंवा डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी हॉस्पिटल. खडे होऊ नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी पहिले सहा महिने उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी देतात, दिली असेल तर पूर्ण करा. बायपास झालेल्यांच्या पित्तनलिकेपर्यंत नेहमीच्या वाटेने एंडोस्कोप पोचत नाही, म्हणून तिथे पण कार्ड दाखवा. मूतखडे पण वाढतात बायपासनंतर, पाणी हाच मुख्य उपाय.

९. गोळ्या आयुष्यभर, रक्त दरवर्षी

हे सगळ्यांना आधी सांगितलेलं असतं आणि दोन वर्षांनी सगळे विसरतात कारण बरं वाटत असतं. कमतरता हळू येतात. अमेरिकन सोसायटी फॉर मेटाबॉलिक अँड बॅरिॲट्रिक सर्जरीच्या मार्गदर्शक आकड्यांवरून साधारण अंदाज देते, तुमचा डोस तुमच्या रिपोर्टवरून ठरेल: कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, तेही सायट्रेट प्रकारातलं कारण त्याला पोटातलं ॲसिड लागत नाही, आणि एका वेळी ५०० ते ६०० च्या वर नाही. लोह पाळी येणाऱ्या बायकांना आणि बायपास-स्लीव्हवाल्यांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम. व्हिटॅमिन डी रोज ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० च्या वर येईपर्यंत. बी-ट्वेल्व्ह रोज ३५० मायक्रोग्रॅम किंवा जास्त, नाहीतर इंजेक्शन. प्रथिनं दिवसाला किमान ६० ग्रॅम.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा, एकमेकांना शोषू देत नाहीत. लोहाच्या आसपास चहा-कॉफी पण नको. मी गोळ्यांचा डबा तीन कप्प्यांचा ठेवते, सकाळी लोह, दुपारी आणि रात्री कॅल्शियम, बाकीच्या मधे.

तपासणी तिसऱ्या, सहाव्या, बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी, कायम. पायाला मुंग्या, तळवे बधीर, चालताना तोल जाणं असं झालं तर बी-ट्वेल्व्ह बरोबर तांबं पण तपासायला सांगा. जे लोक केसांसाठी झिंकच्या गोळ्या मनाने खात असतात त्यांचं तांबं कमी होतं, आणि लोह देऊनही ॲनिमिया हटत नाही.

केसांचं म्हणाल तर तिसऱ्या महिन्याच्या आसपास गळायला लागतात, कंगव्यात, उशीवर, बाथरूमच्या जाळीवर, बघून रडू येतं मला माहितीये. वजन झटकन उतरल्याचा तो धक्का असतो, मुळं जिवंत असतात, काही महिन्यांत थांबतं आणि परत येतात. वर्ष उलटूनही गळत असतील तर फेरिटिन (लोहाचा साठा), झिंक, प्रथिनं तपासा. बायोटिनचे मोठे डोस घेत असाल तर रक्त देताना लॅबला सांगा, थायरॉईडचे आणि हृदयाच्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट त्याने चुकीचे येऊ शकतात.

१०. जुनी औषधं, दारू, गरोदरपण

साखरेची औषधं ऑपरेशननंतर काही दिवसांतच जास्त व्हायला लागतात, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी जुन्याच डोसवर चालू ठेवली तर साखर धोकादायक खाली जाते. बीपीचं तसंच, उठल्यावर गरगरणं हे कधी पाण्याचं नसतं, गोळी जास्त झाल्याचं असतं. घरी मोजून आकडे घेऊन जा. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, थायरॉईडची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी यांचं शोषण बदलतं, त्या लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ऑपरेशनचं सांगा.

दारू बायपासनंतर रक्तात लवकर आणि जास्त चढते, थोड्या घोटांत, आणि व्यसनाचा धोका पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षापासून वाढलेला दिसतो. आधी जेवणातून मिळणारा आधार काही जण तिथे शोधतात. हे होत असेल तर लपवू नका, टीमला सांगा, हे त्यांच्यासाठी नवीन नाही.

वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवस लवकर राहू शकतात. ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने थांबायला सांगतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा ठेवता येत नाही, दुसरी पद्धत घ्या. गरोदरपणातली ग्लुकोज पिऊन करायची टेस्ट डंपिंग करते, त्याऐवजी आठवडाभर घरी साखर मोजून चालतं, आधीच बोलून ठेवा.

११. मन, आणि वजन परत वाढलं तर

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन अडतं. जवळपास सगळ्यांचं. काटा रोज बघू नका, आठवड्यातून एकदा पुरे.

मनाचं मात्र हलक्यात घेऊ नका. कपडे सैल होतायत, लोक कौतुक करतायत आणि आतून काहीच छान वाटत नाहीये, असं होतं बऱ्याच जणांचं. खाणं हा आधार गेलेला असतो, कातडी लोंबते, नात्यांत बदल होतात. ऑपरेशननंतर स्वतःला इजा करण्याचं प्रमाण काही जणांत वाढलेलं दिसतं, विशेषतः ज्यांना आधीपासून नैराश्य होतं त्यांच्यात, आणि मनाच्या गोळ्यांचं शोषण पण बदललेलं असतं. जगणं नको वाटणं ही लीकइतकीच इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी कोणाला तरी सांगा, एकटं राहू नका.

दोन-तीन वर्षांनी थोडं वजन परत चढणं हे अपेक्षितच असतं. जास्त चढलं तर त्याची कारणं शोधता येतात, जोड सैल झालाय का, पिशवी ताणली आहे का, दिवसभर थोडं थोडं चरणं चाललंय का, आणि आता वजनाची इंजेक्शनं पण आहेत. पण होतं काय, वजन वाढलं म्हणून लाज वाटते, सर्जनपुढे जायचं टाळलं जातं, फॉलोअप बुडतो, आणि त्याच्याबरोबर बी-ट्वेल्व्ह, लोह, कॅल्शियम सगळं बघायचं राहून जातं. ओरडा खावा लागेल म्हणून घरी बसलेली माणसं मी बघितलीत आणि त्यांची हाडं, रक्त तोपर्यंत पार रिकामं झालेलं असतं. किती का वर्षं झाली असेनात, फोन करा. कोणतं ऑपरेशन, कोणत्या साली, शेवटचं रक्त कधी तपासलं, आत्ता कुठल्या गोळ्या चालू आहेत, काय त्रास होतोय, एवढं कागदावर लिहून समोर ठेवा आणि मगच नंबर लावा, आणि पहिली मिळेल ती तारीख घ्या.